पहिल्या कॉन्सर्टची टेप

"सरोजाताई, ती फाइल परत का उघडली?"

गुरुवारी सकाळी अकरा वाजता निखिल माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हातात लॅपटॉप उघडाच होता आणि स्क्रीनवर लाल खूण दिसत होती. डिलिव्हर झालेली फाइल कुणी पुन्हा उघडली, की आमच्या सिस्टिममधून मॅनेजरकडे ती खूण जाते.

"एक गोष्ट तपासायची आहे," मी म्हटलं.

"मंगळवारी तुम्हीच पास केलीय ती. क्लायंटनं अ‍ॅक्सेप्ट केली. रविवारी वाजणारेय."

"म्हणून तर आज तपासतेय."

तो खुर्ची ओढून बसला. निखिल पुण्याचा. सहा वर्षांपूर्वी बेंगळुरूला आला, बेळ्ळंदूरला राहतो. मी इथलीच. आमच्या घरात मराठी बोलणं चालू आहे ते किती पिढ्यांपासून, ते आता कुणाला नीट सांगता येत नाही. माझ्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं असतं, की ती मराठी आहे हे निखिलला कळायचंच नाही. पहिले सहा महिने तो माझ्याशी हिंदीतच बोलायचा. मग एकदा लिफ्टमध्ये मी घरी फोनवर बोलताना त्यानं नीट ऐकलं. तेव्हापासून दोघंच असलो, की मराठी.

आमचं काम काय ते आधी सांगते. महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात जुनी रेकॉर्डिंग्ज साफ होतात. टेप इकडे येत नाहीत. त्या परदेशातच मशीनवर वाजवून त्यांच्या फाइली करतात आणि फाइली आमच्याकडे येतात. खरखर, टिकटिक, घरघर आम्ही काढतो. बरंचसं सॉफ्टवेअर करतं. मी शेवटी ऐकते आणि पास करते. त्याआधी सतरा वर्षं मी सरकारी रेडिओत होते. टेप ब्लेडनं तिरकी कापायची, चिकटपट्टीनं जोडायची, हे मी हातानं केलेलं आहे. आमच्या चौदा जणांच्या टीममध्ये असं काम केलेली मी एकटीच.

हा क्लायंट म्हणजे जर्मनीतलं एक रेडिओ स्टेशन. तिकडे रेडिओ स्टेशनचा स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा असतो. आपल्या रेडिओत पूर्वी स्टाफ आर्टिस्ट असायचे तसंच, फक्त पाच-सात जणांऐवजी शंभर वादक. या ऑर्केस्ट्राचा वर्धापनदिन रविवारी होता. हॉलमध्ये सकाळी अकराची कॉन्सर्ट, आणि तीच रेडिओवर थेट. सुरुवातीला त्यांच्या अगदी पहिल्या कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग दीड मिनिट ऐकवायचं होतं. ती टेप आम्ही साफ करून दिली होती. उरलेल्या सगळ्या टेपांचा करार सोमवारी सही व्हायचा होता. तो झाला, की चौदा जणांचं दोन वर्षांचं काम पक्कं.

"आता सांगा, काय तपासायचंय?" निखिलनं विचारलं.

मी त्याला बुधवारी आलेली मेल दाखवली. स्टेशनच्या आर्काइव्हमध्ये फ्राऊ केलर नावाच्या बाई आहेत. फ्राऊ म्हणजे श्रीमती. त्यांनी आभार मानले होते आणि रविवारी वाटायच्या पुस्तिकेचं पहिलं पान इंग्रजीत करून पाठवलं होतं. त्यात ऑर्केस्ट्राच्या जन्माची गोष्ट होती. युद्ध संपलं, शहर पडलेलं. जिंकलेल्या सैन्यानं रेडिओ पुन्हा सुरू केला. उरलेसुरले वादक उसनी वाद्यं घेऊन एका शाळेच्या व्यायामशाळेत जमले. खिडक्यांना काचेच्या जागी पुठ्ठे. लोक ओव्हरकोट घालून बसलेले. शेगडीसाठी प्रत्येकानं घरून कोळशाचा एक तुकडा आणलेला. पान संपताना वाक्य होतं: आम्ही शून्यातून सुरुवात केली.

"छान आहे की," निखिल म्हणाला.

"छान आहे. पण ही टेप व्यायामशाळेतली नाही."

संगीत थांबलं, की शेवटचा सूर हवेत थोडा वेळ रेंगाळतो. मोठ्या, उंच हॉलमध्ये जास्त वेळ. बुटक्या खोलीत कमी. त्यात माणसं लोकरी कोट घालून बसली असली, तर आवाज कोटच पिऊन टाकतात. मी टेपवरचा शेवटचा सूर मोजला होता. टाळ्या सुरू व्हायच्या आधी तो दोन सेकंदांहून जास्त रेंगाळत होता.

"व्यायामशाळा मोठी असेल."

"असेल. म्हणूनच मूळ फाइल उघडली. आपल्या सॉफ्टवेअरनं काही वाढवलं का, ते बघायला."

"वाढवलं?"

"नाही. काढलं."

सॉफ्टवेअर जे जे काढून टाकतं, त्याची वेगळी फाइल करता येते. तिला आम्ही डिफरन्स म्हणतो. ती कुणी ऐकत नाही. मी सहसा चाळते. मंगळवारी घाई होती, मी यादी वाचली, शेरे मारले आणि सही केली. यादीत होतं: हळू चालीच्या भागात बारा दणके. मला वाटलं, माइकच्या स्टँडला कुणाचा तरी पाय लागला असेल. आज डिफरन्स ऐकली. स्टँडला पाय लागला, तर आवाज जवळचा असतो. हे दणके भिंतीपलीकडचे होते.

निखिलनं हेडफोन लावला. दोन दणके ऐकले आणि काढला.

"ताई, बाहेर ट्रक गेला असेल. ऐंशी-एक वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग आहे. मेल टाकायची तर ऑब्झर्व्हेशन म्हणून सोमवारी टाका. सही झाल्यावर."

"रविवारी वाजल्यावर?"

"हो."

"मग उपयोग काय?"

"उपयोग हाच, की चौदा जणांना मंगळवारी काम असेल." तो उठला. "आज काही पाठवू नका. प्लीज."

मी पाठवलं नाही. भीती मलाही होती. मी पास केलेली फाइल चुकीची ठरली, तर पहिला प्रश्न मलाच येणार होता.

क्लायंटचा आवाज ऑफिसबाहेर नेता येत नाही. फोनमध्ये नाही, पेनड्राइव्हवर नाही. पण घड्याळात बघून लिहिलेले आकडे नेता येतात. बारा दणके किती मिनिट किती सेकंदांना आहेत, ते मी एका कागदावर उतरवलं आणि संध्याकाळी हेब्बाळला घरी नेलं.

खालच्या मजल्यावर माझे मोठे भाऊ राहतात, गोविंद अण्णा. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांची सगळी नोकरी विमानविरोधी तोफांवर गेली. बायको गेल्यापासून त्यांचं जेवण आमच्याकडेच असतं. मी पोळ्या लाटत होते आणि ते टेबलाशी चष्मा लावून कागद वाचत होते.

"आवाज कुठाय?"

"आणता येत नाही अण्णा. तोंडानं सांगते. धप्. मग बऱ्याच वेळानं परत धप्."

"दोन्ही सारखेच?"

मी लाटणं थांबवलं. तसं मी बघितलं नव्हतं. पण कानात होतं. "नाही. एक जड. त्यानंतरचा हलका, लांबचा. मग परत जड."

"म्हणजे जोड्या." त्यांनी पेन्सिल मागितली. प्रत्येक जड आणि हलक्यामधलं अंतर काढून बाजूला लिहिलं. अठ्ठावीस. सव्वीस. पंचवीस. तेवीस. बावीस. वीस.



"स्वल्प थांब," मी विचारायच्या आधीच ते म्हणाले आणि पुन्हा एकदा वजाबाकी करून बघितली. "सरोजा, हे विमानावर मारलेत. जड आवाज तोफेचा. बॅटरीतल्या, म्हणजे एका तुकडीतल्या, सगळ्या तोफा एकदम मारल्या, की जमीन हलते तो. मग गोळा वर जातो, वर फुटतो, आणि त्याचा आवाज खाली यायला वेळ लागतो. तो हा हलका."

"नक्की?"

"आवाज ऐकल्याशिवाय नक्की कसं सांगू? पण हे आकडे बघ. कमी होत चाललेत."

"म्हणजे?"

"विमान जवळ येतंय."

पोळी तव्यावर करपली. वर बाँबची विमानं, आणि खाली शंभर माणसं हळू चालीचं संगीत वाजवताहेत. थांबत नाहीत. मला त्या फाइलमध्ये एकही चुकलेला सूर आठवेना.

आणि युद्ध संपल्यावर विमानांवर तोफा कोण मारेल?

शुक्रवारी सकाळी मी निखिलसमोर तो कागद ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "दोनला कॉल लावतो. मी बोलेन. विचारलं तरच तुम्ही बोला."

व्हिडिओ कॉलवर फ्राऊ केलर होत्या आणि त्यांचे प्रोजेक्ट हेड, डॉक्टर ब्रँट. पन्नाशीचे, अतिशय नीटनेटके. वर्धापनदिनाचा सगळा भार त्यांच्यावर होता. निखिलनं शांतपणे मांडलं. डॉक्टर ब्रँट ऐकून घेऊन किंचित हसले.

"त्या वर्षी आमच्या शहरात रोज पडक्या इमारती सुरुंगानं उडवत होते. तुम्ही तेच ऐकलंत."

मी स्वतःला थांबवू शकले नाही. "सुरुंग असा जोडीनं वाजत नाही, सर."

"भिंत आधी उडते. मग कोसळते."

"अठ्ठावीस सेकंदांनी?"

निखिलनं टेबलाखालून माझ्या खुर्चीला पाय लावला.

"हे कोणत्या तज्ज्ञाचं मत आहे?" डॉक्टर ब्रँट यांनी विचारलं.

"माझ्या भावाचं. ते तोफखान्यात होते."

"त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं?" आवाज एकदम कडक झाला.

"नाही. फक्त आकडे."

"म्हणजे ज्यांनी ऐकलंच नाही, त्यांचं मत." त्यांनी कागद गोळा केले. "मॅडम, तुम्ही आवाज उत्तम साफ करता. तेवढंच करा. इतिहास आमच्याकडे राहू द्या. पहिल्या कॉन्सर्टमास्टरची मुलगी रविवारी पहिल्या रांगेत बसणार आहे. ऐंशी ओलांडलेली बाई आहे. वडिलांचं व्हायोलिन ऐकायला येतेय."

कॉन्सर्टमास्टर म्हणजे व्हायोलिनवाल्यांचा म्होरक्या. कॉल संपला. फ्राऊ केलर अख्ख्या कॉलमध्ये गप्प होत्या. दहा मिनिटांनी त्यांची मेल आली, फक्त मला. दोनच ओळी. टेपवर आणखी काही आहे का? एखादा शब्द? खाली त्यांचा मोबाइल नंबर.

शब्द नव्हता. टेप थेट संगीतानं सुरू होत होती. रेडिओवर असं कधीच होत नाही. आधी अनाउन्सर बोलतो. म्हणजे अनाउन्समेंट कुणीतरी कापली होती. अशी कापलेली सुरुवात मला कळते, मी स्वतः शेकडो कापल्या आहेत.

शनिवारी सुट्टी होती. मी नऊ वाजता ऑफिसात पोचले. मजला रिकामा, एसी बंद. मूळ फाइल पहिल्या सेकंदापासून लावली. दोन तास काहीही निघालं नाही. मग अगदी शेवटी, टाळ्या संपल्यावर, एक सांधा आणि त्यापुढे काहीतरी बडबडल्यासारखा, आत ओढल्यासारखा आवाज. यादीत त्यासमोर शेरा होता: टेपची खराबी, सहा सेकंद. शेरा माझाच. मंगळवारचा.

मी तो तुकडा पुन्हा लावला. ही खराबी नव्हती, उलटं वाजणारं बोलणं होतं.

जुन्या काळी टेप महाग होती. रिळाच्या टोकाला मशीनमध्ये अडकवायला एक लांबसा निरुपयोगी तुकडा लागायचा. आम्ही काय करायचो, तर कापून टाकलेला एखादा तुकडा उचलायचो आणि जोडायचो. सुलटा की उलटा, कोण बघतंय? तो कधी वाजायचाच नव्हता. त्या जर्मन माणसानंही तेच केलं होतं. सुरुवातीची अनाउन्समेंट कापली आणि तोच तुकडा शेवटी उलटा चिकटवला.

मी सहा सेकंद निवडले आणि उलटे केले.

पुरुषाचा आवाज. स्पष्ट, ताठ, प्रत्येक शब्द वेगळा. मला जर्मन येत नाही. पण माणूस सरळ बोलतोय एवढं कळत होतं. आणि त्यात एक शब्द मी ओळखला: राइश. हिटलरच्या राजवटीसाठी युद्धाबद्दलच्या कुठल्याही कार्यक्रमात ऐकू येतो तो.

मागून दार उघडलं. निखिल होता. बेळ्ळंदूरहून दीड तास ट्रॅफिकमध्ये येऊन चेहरा उतरलेला.

"लाल खूण आता डिलिव्हरी हेडकडे पण जाते," तो म्हणाला. "त्यांनी मला झोपेतून उठवलं. ताई, तुम्हाला सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतंस. हे ऐक."

"मला नाही ऐकायचं. ऐकलं की मला काहीतरी करावं लागेल."

हे तो इतकं सरळ बोलला, की मला त्याचा राग येईना. मी हेडफोन टेबलावर ठेवला. मी त्याच्या हातात दिला नाही. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खाली रिंग रोडवर गाड्या तुंबलेल्या होत्या. दोन-तीन मिनिटांनी परत आला, बसला, आणि स्वतःच लावला.

सहा सेकंद. पुन्हा सहा सेकंद.

"आता ऐकलंच नाही असं कसं म्हणू?" तो म्हणाला. "नंबर द्या त्या बाईंचा."

जर्मनीत सकाळचे आठ वाजले होते. फ्राऊ केलर रंगीत तालमीसाठी निघाल्या होत्या. आम्ही तो तुकडा स्पीकरवरून ऐकवला. त्या म्हणाल्या, परत. आम्ही परत लावला.

मग त्यांनी एकेक शब्द इंग्रजीत सांगितला. राइश रेडिओचा मोठा ऑर्केस्ट्रा, शस्त्र कारखान्यातल्या कामगारांसाठी, शहराच्या मोठ्या हॉलमधून वाजवत आहे.

"तो हॉल," त्या म्हणाल्या, "युद्धातच जळाला. माझ्या आईनं लहानपणी जळताना पाहिला होता. ही टेप युद्धानंतरची असूच शकत नाही."

"मग वाजवणारे कोण?" निखिलनं विचारलं.

"तेच. बहुतेक तेच वादक. नाझींच्या काळातही रेडिओला ऑर्केस्ट्रा होता. आम्ही पुस्तिकेत तो मोजत नाही. आम्ही शून्यापासून मोजतो." मग त्या म्हणाल्या, "त्या आधीच्या ऑर्केस्ट्रातून ज्यू वादकांना काढून टाकलं होतं. त्यांची नावं माझ्याकडे एका फाइलमध्ये आहेत. पुस्तिका त्यानंतर सुरू होते, म्हणून त्यात ती येत नाहीत."

त्यांना तालमीआधी दोन्ही क्लिप हव्या होत्या. दणक्यांसकट मूळ, आणि ते सहा सेकंद सुलटे. मी अपलोड केल्या. निखिलनं मेलमध्ये स्वतःचं नाव घातलं, माझं वगळून. मी विचारलं, असं का? म्हणाला, "असू दे."

पाच वाजता डॉक्टर ब्रँट यांचा फोन आला. निखिलनं स्पीकर लावला.

"कुणाच्या परवानगीनं तुम्ही माझ्या लोकांना फाइली पाठवल्या?"

"फ्राऊ केलर यांनी मागितल्या, सर."

"ऐका. तुमच्याकडच्या नमुन्याच्या फाइलींत पुढच्या एका कॉन्सर्टमधलं हेच संगीत आहे. रविवारसाठी त्याची स्वच्छ क्लिप मला तासाभरात हवी. आणि या टेपच्या कामाच्या सगळ्या फाइली डिलीट करा. डिफरन्ससुद्धा. करारात तशी तरतूद आहे."

होती. क्लायंटनं सांगितलं, की कामाच्या फाइली डिलीट करायच्या. मी निखिलकडे बघितलं. सोमवारची सही फोनवरच्या याच माणसाची होती.

"क्लिप पाठवतो, सर," तो म्हणाला. "डिलीट करायला तुमची लेखी सूचना लागेल. तेही करारात आहे. कोणती टेप, कोणत्या फाइली आणि कारण, एवढं मेलमध्ये लिहा. मेल आली, की लगेच करतो."

पलीकडून फोन कट झाला.

मी क्लिप पाठवली. निखिल मेलबॉक्स उघडा ठेवून बसला. साडेपाच. सहा. त्यानं दोनदा रिफ्रेश केलं, मी तीनदा. मेल आली नाही. सहा वाजून गेल्यावर माझ्या फोनवर फ्राऊ केलर यांचा मेसेज आला. तालमीनंतर वादकांनी दोन्ही ऐकलं. त्यांची समिती बसली. उद्या ऐका.

तिकडे ऑर्केस्ट्राच्या वादकांची निवडून दिलेली समिती असते. तिचं म्हणणं मॅनेजमेंटला सहज डावलता येत नाही. पण समितीनं काय ठरवलं, ते मेसेजमध्ये नव्हतं. आणि सर्व्हरवर आता दोन क्लिप होत्या, स्वच्छ आणि मूळ. कोणती वाजणार, ते आम्हाला कळणार नव्हतं.

रविवारी दुपारी साडेतीनला मी फोन स्पीकरला जोडला. त्यांचं स्टेशन इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतं, त्यामुळे यात नियम मोडत नव्हता. अण्णा धुतलेला शर्ट घालून येऊन बसले होते. का, ते मी विचारलं नाही. निखिल त्याच्या घरी ऐकत होता. मध्ये मध्ये अण्णांच्या फोनवर विचारत होता. काय बोलले? काय बोलले? मला तरी कुठं जर्मन येत होतं!

एक बाई बोलत होती. आवाज वयस्कर नव्हता. नंतर कळलं, ती वादकांपैकीच एक होती, चेलो वाजवणारी. ती लांबलचक बोलली. मग नावं वाचायला लागली. ती नावं आहेत एवढं कुठल्याही भाषेत कळतं. प्रत्येक नावानंतर ती थांबत होती. हॉलमध्ये खोकलासुद्धा नव्हता. मग खुर्चीचा आवाज, कुणीतरी उठून गेल्याचा. मग आणखी एक.

मग टेप सुरू झाली. हळू चाल. व्हायोलिनं. मी आवाज वाढवला. स्वच्छ क्लिप असेल तर आता काहीच येणार नाही.

धप्.

अण्णांनी मान वर केली. त्यांनी तो आवाज पहिल्यांदाच ऐकला होता. ओठ हलायला लागले, ते मोजत होते. संगीत पुढे जात राहिलं, तसंच संथ. हलका आवाज आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"अठ्ठावीस," ते म्हणाले. "सरी. बरोबर."

दीड मिनिटानं क्लिप संपली. टाळ्या वाजल्या नाहीत. मग हॉलमधल्या ऑर्केस्ट्रानं वाद्यं जुळवली आणि ते वाजवायला लागले.

सोमवारी सही झाली नाही. मंगळवारीही नाही. डिलिव्हरी हेडनं निखिलला बोलावून तासभर झापलं. पहिल्या चार आठवड्यांत आमच्या टीममधली चार माणसं दुसऱ्या प्रोजेक्टवर गेली. त्यातले दोघं माझ्याशी नीट बोलेनात, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दीड महिन्यानं करार आला. त्यावर सही डॉक्टर ब्रँट यांची नव्हती. ते स्टेशनमध्येच दुसऱ्या विभागात गेले, एवढंच कळलं. करारात एक नवं कलम होतं: कामाच्या कोणत्याही फाइली डिलीट करायच्या नाहीत, सगळ्या आर्काइव्हकडे पाठवायच्या. पुस्तिकेची उरलेली छपाई थांबवून पहिल्या पानाआधी चार पानं घातली गेली.

त्या टेपवर पहिल्या कॉन्सर्टचं लेबल कुणी लावलं, ते कळलं नाही. टेप नष्ट होण्यापासून वाचवायला लावलं, की भूतकाळ लपवायला, तेही नाही. फ्राऊ केलर म्हणतात, दोन्ही असू शकेल. खऱ्या पहिल्या कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग बहुधा झालंच नव्हतं.

कॉन्सर्टमास्टरच्या मुलीबद्दल मी मुद्दाम विचारलं. मला तीच काळजी होती. फ्राऊ केलर यांनी तिला शनिवारी संध्याकाळीच घरी जाऊन सगळं सांगितलं होतं. तरी ती आली, पहिल्या रांगेत बसली, शेवटपर्यंत. नंतर म्हणाली, "बाबा सांगायचे, पहिल्या कॉन्सर्टला एवढी थंडी होती की बोटं वळत नव्हती. या टेपवर त्यांची बोटं किती छान चालताहेत. कुणी सांगितलं नसतं, तरी मला कळलं असतं."

माझ्या चुकीबद्दल मला कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, मी टेपचं खरं शोधून काढलं. खरं तर मंगळवारी ते माझ्यासमोर होतं आणि मी त्याला खराबी म्हणून सही केली होती. नव्या करारात शेऱ्यांची यादी मीच बनवली. त्यात खरखर, घरघर, खराबी यांच्याखाली एक नवा पर्याय घातला: कळलं नाही. टीममधले लोक तो वापरायला बिचकतात, कमीपणा वाटतो त्यांना. गेल्या महिन्यात तो सर्वांत जास्त वेळा मीच वापरलाय.